सोलापूरहून युवा सिम्फनी ऑर्केस्ट्राची ऑडिशन: व्हायोलिन, नववीत जाणारी मुलगी, हातात आठ आठवडे

रेल्वे लाइन्सची आई

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, रेल्वे लाइन्समध्ये राहतो. मुलगी जूनमध्ये नववीत जाईल. आठव्या वर्षापासून व्हायोलिन शिकते, गुरुजींकडे, मांडी घालून, आपल्या पद्धतीने. गांधर्वची मध्यमा पूर्ण झाली आहे. मध्ये तिला पाश्चात्त्य पद्धतीचं वाजवायची ओढ लागली. तीन वर्षांपासून पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकते आणि महिन्यातून एकदा आम्ही प्रत्यक्ष जाऊन येतो. त्या पद्धतीच्या परीक्षेची पाचवी ग्रेड झाली.

आता पुण्यात एका युवा सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या ऑडिशन जूनच्या अखेरीस आहेत. मागितलंय ते असं: स्वतःच्या पसंतीची एक रचना, दोन स्केल (स्वरांचे आरोह-अवरोह), बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीतली दुसऱ्या व्हायोलिनची पहिली दोन पानं, आणि तिथल्या तिथे समोर ठेवतील ते वाचून वाजवायचं. निवड झाली तर जुलैपासून दर रविवारी तालीम, डिसेंबरात कार्यक्रम.

घरात कुणालाच यातलं कळत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते, हे एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. बाई शिकवतात चांगलं, पण त्या स्वतः कधी ऑर्केस्ट्रात बसलेल्या नाहीत. कुणी अशा ऑडिशनमधून गेलं असेल तर सांगा, आठ आठवड्यांत नेमकं काय करायचं? दर रविवारी पुणं झेपेल का? पुढच्या वर्षी दहावी आहे. आणि एक मनातलं विचारते. "दुसरं व्हायोलिन" म्हणजे कमी दर्जाचं का? सहा वर्षं घासल्यावर मुलीला मागे बसवणार असतील तर तिला आधीच सांगून ठेवावं, असं वाटतं.

कॅम्पातला पालक

ताई, माझा मुलगा चेलो वाजवतो, अशाच एका ऑर्केस्ट्रात तिसरं वर्ष. प्रवासापुरतं सांगतो. आमच्याबरोबर सातारा, नगर, कोल्हापूरहून मुलं येतात. ज्यांच्या घरून पहिले दोन महिने कुणीतरी सोबत आलं, ती टिकली. पहिल्या दिवसापासून एकटी सोडलेली मुलं गळतात. तालीम चार-चार तास चालते, मध्ये वीस मिनिटांची सुट्टी. डबा द्या, बाहेरचं खाऊन दुपारच्या सत्रात झोप येते. दहावीचं म्हणाल तर कार्यक्रम डिसेंबरात आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. पुढच्या वर्षी डिसेंबरनंतर सुट्टी घेता येईल का, ते फॉर्म भरतानाच विचारून ठेवा. लपवून ठेवू नका, बहुतेक ठिकाणी समजून घेतात.

बाकी वाजवण्याचं इथले वादक सांगतील.

दुसरं व्हायोलिन

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी साखर पेठेतली. आमच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग चालायचे, त्या खटखटाटात मी व्हायोलिन शिकले. तुमच्या मुलीसारखीच आधी मांडी घालून, सा-प लावून. पंधराव्या वर्षी पहिली ऑडिशन दिली, घेतलं नाही. सोळाव्या वर्षी घेतलं. पुढे पाच वर्षं मी दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसले, म्हणून हे नाव. तेव्हा सगळं लिहिते, लांबेल.

पहिली ऑडिशन का गेली ते आधी सांगते, कारण आपल्या पद्धतीत शिकलेल्या मुलांची ती हमखास तिथेच जाते. माझी रचना तोंडपाठ होती, स्केल स्वच्छ गेले. मग एक पान समोर ठेवलं. तिसऱ्या ओळीत स्वर चुकला. मी थांबले, मागे गेले, परत सुरू केलं. परत चुकला, परत थांबले. असं तीनदा झालं. घरी रियाज करताना मी हेच करायचे, चूक झाली की मागे जा आणि नीट कर. एकटीच्या रियाजाला ते बरोबरच आहे. पण ऑर्केस्ट्रात तुम्ही मागे जाता तेव्हा बाकीचे साठ जण पुढे गेलेले असतात. परीक्षक स्वर मोजत नव्हते. ही मुलगी चुकल्यावर पुढच्या बारला, म्हणजे मात्रांच्या पुढच्या खणाला, आपल्याबरोबर असेल का, एवढंच ते बघत होते, आणि मी नव्हते.

म्हणून आठ आठवड्यांपैकी रोजची पंधरा मिनिटं फक्त वाचनाला द्या. रोज नवं पान, कधी न बघितलेलं, तिच्या ग्रेडपेक्षा दोन पायऱ्या सोपं. वाजवायच्या आधी अर्धा मिनिट नुसतं बघायचं. कोणत्या स्वरांवर तीव्र-कोमलाच्या खुणा आहेत, एका बारात किती मोजायचं, आणि सगळ्यात अवघड जागा कुठली. लय त्या अवघड जागेवरून ठरवायची, पहिल्या ओळीवरून नाही. सगळे इथेच फसतात. पहिली ओळ सोपी दिसते, मुलं जोरात निघतात आणि पाचव्या ओळीत आपटतात. एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत थांबायचं नाही. स्वर गेला तर जाऊ दे, मोजणं सुटता कामा नये. तुम्हाला वाचता येत नसलं तरी तुम्ही समोर बसा, टाळी द्या, आणि ती थांबली की तेवढं सांगा. आठवडाभरात तिला स्वतःलाच ऐकू येऊ लागेल.

आता बीथोवन. पाचवी सिम्फनी १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. सुरुवातीचे ते चार स्वर जगाला माहीत आहेत. पण पान हातात घेतलं की दिसतं, सुरुवात स्वराने होतच नाही. आधी एक छोटा विराम आहे, मग तीन आखूड स्वर, मग लांब. बार दोन मात्रांचा, पण चाल इतकी जलद की कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून हाताने लय दाखवणारा, एका बाराला एकच हात देतो. म्हणजे हात खाली येतो तेव्हा सगळे गप्प, आणि लगेच मागून तीन स्वर. तुमच्या मुलीला आपल्या भाषेत सांगा: सम मोकळी आहे. समेवर काहीही वाजवायचं नाही, सम मनात घ्यायची आणि तिला पाठ लावून निघायचं. तबल्याबरोबर सहा वर्षं वाजवलेल्या मुलीला हे अवघड नाही. फक्त इथे ठेका धरणारं कुणी नाही. तबला आपल्याला सम आयती आणून देतो. इथे ती हाताच्या हालचालीतून उचलावी लागते आणि प्रत्येकाने आपापल्या पोटात सांभाळावी लागते.

त्या विरामाला बहुतेक मुलं नुसती थांबतात. थांबायचं नाही, श्वास घ्यायचा. हात खाली येताना नाकाने श्वास आत आणि मग गज. आमच्या सेक्शनच्या मुख्य व्हायोलिनवादक होत्या, त्यांनी आम्हा बारा जणांना एका तालमीत व्हायोलिन मांडीवर ठेवायला लावून दहा मिनिटं फक्त एवढंच करायला लावलं होतं. हात, श्वास, आणि तीन स्वरांच्या जागी तीन टिचक्या मांडीवर. अकराव्या मिनिटाला वाजवलं तेव्हा बारा व्हायोलिनचा एक आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आज लिहितानाही येतो.

तुमच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तरही याच पानावर आहे. पहिले पाच बार सगळी तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट मिळून गर्जना करतात. मग आवाज एकदम खाली येतो आणि सिम्फनी खरी चालायला लागते. ती कोण सुरू करतं? दुसरी व्हायोलिन. सहाव्या बारात तीच चार स्वरांची आकृती आधी दुसरी व्हायोलिन हळू आवाजात मांडतात, मग व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य), आणि त्यानंतर पहिली व्हायोलिन. शेजारच्या दोन-तीन खोल्यांत निरोप फिरावा तशी ती आकृती फिरते आणि निरोप निघतो दुसऱ्या व्हायोलिनकडून. तो कुजबुजीसारखा आला पाहिजे आणि तरी घड्याळासारखा नेमका. ऑडिशनला हेच पान का दिलंय, ते आता तुमच्या लक्षात येईल.

दुसरं व्हायोलिन हा दर्जा नाही, ते काम आहे. पहिल्यांकडे बहुतेक वेळा वरची धून असते, दुसऱ्यांकडे मधलं अंग. धून वाजवणाऱ्याला लोक आपोआप ऐकतात. मधल्याला मात्र सतत इतरांना ऐकत वाजवावं लागतं, आत्ता मी कुणाच्या खाली आहे, कुणाच्या बरोबर आहे. कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता ठाऊक असतील. १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. तेच मेहली मेहता पुढे अमेरिकेत कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट या चौघांच्या चमूत दुसरं व्हायोलिन वाजवत होते. आणि त्यानंतर १९६४ साली लॉस एंजेलिसला जाऊन त्यांनी तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा काढला, अमेरिकन यूथ सिम्फनी. आपल्या मुंबईच्या माणसाने. हे मुलीला जरूर सांगा.

त्या दोन पानांची तयारी अशी करा. पहिला आठवडा व्हायोलिन हातात घ्यायचंच नाही. पान समोर, कानात रेकॉर्डिंग, हातात पेन्सिल. आपला विराम असेल तिथे कोण वाजतंय ते लिहायचं: "क्लॅरिनेट", "हॉर्न", "पहिली". दुसऱ्या आठवड्यापासून अर्ध्या लयीत. बीथोवनने स्वतः दिलेला वेग मिनिटाला १०८ बारांचा आहे. तिथे ऑडिशनला जायची गरज नाही. साठने सुरू करा, आठवड्याला आठ-दहाने वाढवा, आणि जिथे गज तारेवर घसरायला लागेल तिथून थोडं मागे या. ९० ला नेमकं वाजलेलं १०८ ला फरफटलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं.

बसायचं कसं, हेही आत्तापासून. मांडीची सवय आहे, खुर्चीची नाही. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर, पाठ टेकायची नाही, दोन्ही पाय जमिनीवर. चार तास तसं बसणं हा वेगळा व्यायाम आहे. माझी पहिल्या महिन्यात कंबर भरून यायची.

रेल्वे लाइन्सची आई

तुमचं दोनदा वाचलं, एकदा मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. सहाव्या बाराचं ऐकल्यावर ती उठून आत गेली आणि रेकॉर्डिंग लावून बसली. पाच-सहा वेळा तेवढाच तुकडा मागे घेऊन ऐकला. जेवायला हाक मारली तर "थांब ना आई, दुसरी येतायत" म्हणाली.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. गुरुजींना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी फी सुद्धा कधी मागून घेतली नाही. त्यांना वाईट वाटेल, याची मला फार धास्ती आहे. आणि व्हायोलिन एकच आहे. सकाळी ती गुरुजींसाठी सूर उतरवून लावते, संध्याकाळी बाईंसाठी परत चढवते. मागच्या महिन्यात दोन तारा तुटल्या. खुंट्याही फिरून जातात.

दुसरं व्हायोलिन

आधी वाद्याचं बोलते, ते सोपं आहे.

एकाच वाद्यावर रोज दोन पद्धतींनी सूर लावायचे म्हणजे तारांवरचा ताण रोज कमी-जास्त होतो. तारा तर तुटणारच. त्याहून वाईट म्हणजे दर वेळी तार ओढली की घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, वरच्या बाजूने थोडी थोडी पुढे कलते. एक दिवस ती पोटावर आडवी पडते आणि पोटाला चीर जाऊ शकते. आज संध्याकाळी व्हायोलिन बाजूने धरून बघा. घोडीची खुंट्यांपासून लांबची, म्हणजे टेलपीसकडची (तारांची खालची टोकं अडकवतात तिकडची) बाजू पोटाशी सरळ काटकोनात उभी हवी. कललेली असेल तर तारा जराशा सैल करून, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच मागे घ्यायची. आधी बाईंना व्हिडिओवर दाखवून. ऑडिशनपर्यंत या वाद्यावर एकच लावणी ठेवा, पाश्चात्त्य. गुरुजींच्या तालमीसाठी कुणाचं जुनं व्हायोलिन दोन महिने मिळालं तर उत्तम. आपल्या गावात पेट्या माळ्यावर टाकलेल्या पुष्कळ आहेत, शाळेतल्या बायकांना विचारा.

खुंट्या फिरतात त्याचं कारण आपला मे महिना. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंटी भोकात सैल होते आणि सुटते. पुण्या-मुंबईला पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि खुंटी अडकून बसते. सोलापूरहून जाणाऱ्या वाद्याला हे दोन्ही सोसावं लागतं. उन्हाळ्यात पेटीत ओलावा राखणारी नळी मिळते, ती ठेवा. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची, नुसती फिरवायची नाही. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगते: पेटी उन्हात ठेवायची नाही. व्हायोलिनचे जोड सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस उष्णतेने सुटतो. एका एप्रिलात मी गाडीत खिडकीशी पेटी ठेवली, दौंडच्या पुढे जाईपर्यंत ऊन थेट तिच्यावर होतं. तालमीला उघडली तर खालच्या कडेचा जोड बोटभर उघडलेला. वाजवलं की तिथून बारीक कंप यायचा, जाळीत माशी अडकावी तसा. त्या दिवशी मी चार तास नुसती बसून ऐकलं. दुरुस्ती झाली, पण त्या आठवड्यात मला झोप लागली नाही.

आता गुरुजी. ताई, आजच जाऊन सांगा. ऑडिशन झाल्यावर बाहेरून कळलं तर जास्त लागेल. माझे गुरू होते तेव्हा सत्तरीत. मी सांगितलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकडचं स्केल वाजवून दाखव." मी वाजवलं. त्यांनी तंबोरा लावला आणि म्हणाले, "आता यावर वाजव." तिसरा स्वर चढा लागत होता, मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. त्यानंतर ऑडिशनपर्यंत रोज अर्धा तास ते मला तंबोऱ्यावर पाश्चात्त्य स्केल वाजवायला लावत होते. ऑर्केस्ट्रात माझ्याबद्दल कुणी काही चांगलं म्हटलं असेल तर सुराबद्दल म्हटलं, आणि तो सूर त्यांनी दिलेला आहे.

एक मात्र गुरुजींच्या शिकवण्यातून इकडे आणायचं नाही. मींड. दोन स्वरांमध्ये बोट घसरवण्याची आपली सवय इतकी मुरलेली असते की मुलीला ती ऐकूही येत नाही. बीथोवनच्या त्या तीन आखूड स्वरांत एकही घसट चालत नाही. फोनवर रेकॉर्ड करा, ऐकवा. कान तिचा तयार आहे, एकदा दाखवलं की पुरे.

बँडवाल्याचा मुलगा

काकू, मी व्हायोलिनवाला नाही. आमचा लग्नाचा बँड आहे, आजोबांपासून. मी बाराव्या वर्षी वरातीत युफोनियम वाजवायला लागलो, आणि एकोणिसाव्या वर्षी अशाच युवा ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोनवर घेतलं गेलो. तुमच्या मुलीच्या कामाचं यात थोडंच असेल, पण पाचवी सिम्फनी म्हटल्यावर राहवलं नाही.

आमच्याकडे गाणं कानाने उचलायचं, वहीत सरगम लिहून ठेवायची. पाच रेघांचं नोटेशन मी अठराव्या वर्षी शिकलो, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका आजोबांकडे, रोज संध्याकाळी. वरातीत नवी पेठ ते सात रस्ता आम्ही न थांबता वाजवतो. ओठ फाटले तरी वाजवायचं, कारण बँड थांबला की वरात थांबते. असा मी ऑर्केस्ट्रात गेलो आणि पाचवी सिम्फनी समोर आली. या सिम्फनीत चार भाग आहेत, आणि ट्रॉम्बोन पहिल्या तीन भागांत एकही स्वर वाजवत नाही. एकही नाही. तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो, तिथे आम्ही तिघं पहिल्यांदा उभा आवाज लावतो. तोपर्यंत वीस मिनिटांच्या वर नुसतं बसायचं.

पहिल्या तालमीत मला वाटलं, बसायचंच तर आहे. बसलो. आणि चौथा भाग आला तेव्हा माझा पहिला स्वर उतरलेला निघाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. एसी हॉलमध्ये पितळ थंड पडतं आणि थंड नळीचा सूर उतरतो. मग शिकलो. तिसरा भाग सुरू झाला की वाद्य ओठाला लावायचं आणि आवाज न करता आत गरम श्वास सोडत राहायचं. आणि मोजत राहायचं. मी बाकीच्यांचा सगळा पाठ ऐकून ऐकून शिकलो, मला आजही व्हायोलाची ओळ गुणगुणता येते. वरातीत मी स्वतःचा आवाज सोडून काही ऐकलंच नव्हतं.

ऑडिशनबद्दल एवढंच सांगतो, बँडची मुलं जोरात वाजवून दाखवतात. मीही तेच केलं. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "हेच इतक्या हळू वाजवता येईल का, की शेजारचा तुला ऐकू येईल?" मला तीन प्रयत्न लागले. त्यांनी तिन्ही वेळा थांबून ऐकलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, हळू फुंकायला जास्त दम लागतो, हे आम्हाला सनईवाले सांगायचे.

कार्यक्रमाला ते आले होते, मुंबईला, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने. आई, काका आणि बँडमधले दोघे. पहिले तीन भाग त्यांनी मला नुसतं बसलेलं बघितलं. मागून काका म्हणत होते म्हणे, याला घेतलं तर वाजवू का देत नाहीत. वडिलांनी त्यांचा हात दाबून धरला होता. चौथ्या भागात आम्ही उठवलं तेव्हा त्यांनी तो सोडला, हे मला आईने नंतर सांगितलं.

काकू, तुमच्या घरच्यांना एक आधी सांगून ठेवा: दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळं संपून कंडक्टरचे हात खाली आले की मग.

रेल्वे लाइन्सची आई

सात आठवड्यांनी परत लिहिते आहे. काल ऑडिशन झाली.

गुरुजींकडे त्याच दिवशी गेलो होतो. ते एवढंच म्हणाले, "तिकडे गेली तरी सकाळचा षड्ज सोडू नको." परवा निघताना त्यांनी स्वतःच्या पेटीतलं रोझिन (गजाला घासायची राळ) काढून तिला दिलं. शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांचं व्हायोलिन मिळालं, त्यामुळे आमच्या वाद्याची घोडी आता सरळ उभी आहे.

मी बाहेर बसले होते, दार लोटलेलं होतं. तिची रचना मला ओळखू आली. मग बीथोवन. मग थोडी शांतता, ती बहुधा वाचनाचं पान बघत असावी. मग सुरू झालं. मधे कुठेतरी गडबड झाली, मलाही कळली. माझा श्वास अडकला. पण ती थांबली नाही. पुढे गेली. मी पिशवीचे बंद धरून बसले होते, बोटांना वळ उठले.

आज दुपारी यादी आली. दुसरं व्हायोलिन, पाचवं डेस्क, आतली बाजू. तिने यादी वाचली आणि पहिला प्रश्न मला विचारला, "आतली बाजू म्हणजे पान मी उलटायचं का?" मला काय माहीत! पहिली तालीम येत्या रविवारी आहे. काय काय न्यायचं?

दुसरं व्हायोलिन

अभिनंदन! ऑफिसात बसून डोळे पुसले.

हो, पान तीच उलटणार. एका स्टँडवर, म्हणजे एका डेस्कला, दोघी बसतात, प्रेक्षकांच्या बाजूची वाजवत राहते आणि आतल्या बाजूची पान उलटते. तेवढे दोन बार तिचे जातात, ते जायचेच असतात. पानाचा खालचा कोपरा आधीच किंचित दुमडून ठेवायचा म्हणजे बोटाला सापडतो. आवाज करत उलटायचं नाही, त्या सहाव्या बाराइतकंच हळू.

पेन्सिल न्यायची, पेन अजिबात नाही. मऊ शिसाची, दोन, आणि खोडरबर. पार्ट, म्हणजे आपल्या वाद्याची पानं, बहुधा परत द्यायचे असतात. गज वर की खाली, हे सेक्शनचे प्रमुख ठरवतात आणि ते तालमीत तीनदा बदलतं. पुढच्या डेस्ककडून खूण मागे येत जाते. ती ऐकली की लगेच लिहायची आणि आपल्या मागच्या डेस्कला सांगायची, मध्येच हात वर करून विचारत बसायचं नाही. जास्तीच्या तारांचा एक संच, गज पुसायचं फडकं, पाण्याची बाटली, स्वेटर. हॉल थंड असतो.

अर्धा तास आधी पोहोचून हात गरम करायचे. तालमीची वेळ अकराची म्हणजे अकराला सूर लावून बसलेलं असायचं. ओबो (एक फुंकून वाजवायचं वाद्य) एक स्वर देतो, ए. तो मिळाला की लावायचं आणि गप्प व्हायचं. त्या वेळी कुणी आपली रचना वाजवून दाखवत नाही.

हुतात्मा एक्स्प्रेस पकडणार असाल तर सकाळी लवकर उठवावं लागेल, पण तुम्ही तर स्टेशनच्या शेजारीच. मी पाच वर्षं साखर पेठेतून रिक्षाने यायचे. कुर्डुवाडीपर्यंत झोपू द्या, मग उठवून पान हातात द्या, नुसतं वाचायला. पेटी मांडीवर किंवा दोघींच्या मधे ठेवा, खिडकीशी नको. गुरुजींचं रोझिन आतल्या खिशात, फडक्यात गुंडाळून. ते पडलं की तुकडे होतात.